टाकलेलं ताट

ताट टाकून उठणाऱ्या माणसाची मला भारी चीड. आणि तो तिजारे डॉक्टर तर भरल्या पंगतीतून, अर्धी भाकरी तशीच ठेवून, हातसुद्धा न धुता उठला होता. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण ते ताट मला अजून डोळ्यांपुढं दिसतं. वांग्याचा रस्सा भाकरीत मुरत चाललेला आणि कडेला कांद्याची फोड, एकच चावा घेतलेली.

आमची खानावळ मिरजेत, दवाखान्यांच्या शेजारी. सासऱ्यांनी काढली, सासूनं चालवली, मग माझ्या हातात आली. मी शाळेत गेले ती अक्षराला अक्षर जोडता येण्यापुरती. पण माणूस जेवताना कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. गावोगावचे पेशंट इथं येतात आणि त्यांची माणसं आमच्याकडं जेवतात. ज्याचा पेशंट सुधारतोय तो चटणी मागून घेतो. ज्याला रिपोर्टची धास्ती आहे तो भाकरीचे तुकडे करतो, तुकड्यांचेही तुकडे करतो, आणि तोंडात काही घालत नाही. त्याला मी बोलत नाही. बाकी कुणाला सोडत नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात ताटातलं अन्न म्हणजे प्रसाद. शेवटचा घास झाला की ताटात पाणी ओतायचं, बोटानं ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. गिऱ्हाइकानं पाणी प्यावं असं माझं म्हणणं नाही, पण टाकायचं काही नाही. भिंतीवर तसली पाटी नाही. गल्ल्यावर मी, सगळ्यांची अव्वा, बसलेली असते, तेवढं पुरतं.

तिजारे वर्ध्याकडचा, त्या साली नवाच आलेला. ना इंजेक्शन देणारा ना सुरी धरणारा. सोनोग्राफी, आणि त्या मोठ्या नळीत माणूस घालून काढतात ते फोटो, ते बघणारा. पंगतीत सगळे त्याला फोटोवाला डॉक्टर म्हणायचे. उंच, वाळका, केस विसकटलेले. जेवताना भिंतीकडं बघत बसायचा. मीठ कमी आहे की जास्त, कधी शब्द नाही.

त्या दुपारी वाढायला महानंदा होती, माझी सून. आमची भाकरी थापणारीही तीच. मी थकल्यावर परात तिच्याकडं गेली होती, आणि खोटं कशाला बोलू, हात माझ्यापेक्षा सरस. ती तिजारेच्या ताटात भाकरी टाकायला वाकली आणि तो एकदम म्हणाला, "वहिनी, तुमची एकाच बाजूची बाही का उसवलीय?"

शेजारी जेवणाऱ्याचा हात थांबला.

"घट्ट होते," महानंदा म्हणाली.

"कधी उसवली?"

"संक्रांतीला एकदा."

"एकदा म्हणजे?"

"पाडव्याला परत उसवली. आता आत कापडच उरलं नाही." ती हसली.

तो हसला नाही. त्यानं डावा हात पुढं केला आणि तिचा दंड धरला. माझ्या सुनेचा दंड, भरल्या पंगतीत, परक्या माणसानं. बाहीखाली गाठ होती ती त्यानं दाबली, इकडून तिकडं सरकवून बघितली.

"दुखतं?"

"छे."

"मूठ वळा. घट्ट. अजून."

महानंदानं भाकरीच्या पिठानं माखलेली मूठ वळली. तो पुन्हा गाठ सरकवायला गेला. ती सरकली नाही.

"डॉक्टर," मी गल्ल्यावरून म्हटलं, "जेवायला बसलाय का तपासायला?"

"अव्वा, ही गाठ कुणाला दाखवली?"

"दाखवायचं काय त्यात? माझ्याही दंडावर आहे, हिच्यापेक्षा कितीतरी जुनी. माझ्या सासूला होती. भाकरीची गाठ म्हणतात तिला. परात परात पीठ मळलं की दंड असा घडतो. तुमच्या वर्ध्याकडं पोळ्या लाटतात, तुम्हाला काय कळणार?"

पंगत हसली. मलाही बरं वाटलं. महानंदाच्या दंडावर गाठ दिसायला लागली तेव्हा मी शेजारणीला हाक मारून दाखवली होती, आता ही खरी आमच्या घरातली झाली म्हणून.

"आणि उद्या सकाळी काढायचीच आहे," महानंदा म्हणाली. "मोठे डॉक्टर काढणारेत. बाही बसत नाही ना, म्हणून. पूर्ण भूलसुद्धा नको म्हणाले, तिथल्या तिथं इंजेक्शन देऊन."

मोठे डॉक्टर म्हणजे कुंभोजकर. शिकायला होते तेव्हापासून आमच्याकडं जेवलेले, अर्ध्या मिरजेची पोटं त्यांनी उघडली असतील. त्यांनी गाठ बोटानं बघितली होती आणि चरबी आहे म्हणाले होते.

तिजारे उठला.

"अहो, ताट!"

तो चपला शोधत होता.

"अहो डॉक्टर! ताट टाकून कुठं? हात तरी धुवा!"

पायऱ्या उतरून तो रस्त्याला लागलासुद्धा. उजवा हात अंगापासून लांब धरून, रस्सा मनगटाकडं ओघळतोय अशा अवस्थेत. महानंदा ताटाकडं बघत उभी राहिली. "अव्वा, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकलं? त्याला आईबापांनी वळण लावलं नाही, त्यांचं चुकलं."

संध्याकाळी माझा मुलगा सिद्राम दवाखान्यातून निरोप घेऊन आला. मोठ्या डॉक्टरांनी उद्याचं रद्द केलं होतं. आधी तिजारेकडं जाऊन सोनोग्राफी करायची, मग बघू.

"का?"

"सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, अव्वांना सांग, मीच सांगितलंय म्हणून."

मला सगळं समजलं असं मला वाटलं. नवा डॉक्टर, नवं मशीन, गिऱ्हाईक पाहिजे. माझ्या पंगतीत बसून, माझी भाकरी मोडून, माझ्याच सुनेला गिऱ्हाईक केलं. सिद्रामला मी म्हटलं, उद्या मी जाते हिच्याबरोबर. तू नको. तू ऐकून घेशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीत आम्ही दोघी. आत अंधार, मशीनचा तेवढा उजेड. मी बसण्याआधीच बोलून घेतलं.

"डॉक्टर, काम करा तुमचं. पण आजपासून माझ्या खानावळीच्या पायरीला पाय लावायचा नाही. ज्याला अन्नाची किंमत नाही त्याला मी वाढत नाही."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. माफी नाही, कारण नाही.

"आणि आधी माझी गाठ बघा. दोन्हींत काय फरक आहे ते मला दाखवा. नसेल तर आम्ही घरी जातो."

मला वाटलं नाही म्हणेल. पण त्यानं खुर्ची सरकवली आणि माझ्या दंडावर तो गार चिकट पदार्थ लावला. मग ते यंत्र गाठीवरून फिरवायला लागला आणि माणूस एकदम बदलला. चुरूचुरू बोलायला लागला.

"अव्वा, हे बघा, ही कातडी. ही खालची चरबी. आणि ही तुमची भाकरीची गाठ. चरबीच आहे, वेगळी पिशवी करून बसलीय. दाबली की दबते, बघा. माझ्या आईच्या मानेवर अशीच आहे, ती मला शिंग फुटलं म्हणते. ही राहू दे, तुमच्या सोबतीला. काही करत नाही ही."

"मग मी काय म्हणत होते?"

"तुमच्यापुरतं बरोबर म्हणत होतात. वहिनी, या."

महानंदा झोपली. त्यानं तसाच गार पदार्थ लावला, तेच यंत्र ठेवलं. मी काचेकडं बघत होते. माझ्या गाठीच्या वेळी दिसल्या त्याच रेघा आल्या, कातडीची, चरबीची. मग त्यानं यंत्र जरा खाली दाबलं आणि त्या रेघांच्या खाली, मांसात, काहीतरी काळं दिसलं. कडा धड नसलेलं.

आणि तो बोलायचा थांबला.

यंत्र फिरतंय, बटणं वाजतायत, फोटो धरला की टिक होतंय, आणि तो गप्प. त्यानं एक बटण दाबलं आणि त्या काळ्यात लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. माझ्या वेळी त्यानं हे बटण दाबलं होतं तेव्हा काहीच लुकलुकलं नव्हतं. लुकलुकतंय, विझतंय, परत लुकलुकतंय, नाडीसारखं. महानंदा छताकडं बघत होती. तिला काच दिसत नव्हती, पण शांतता ऐकू येत होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

आयुष्यात मला कुणाच्या बोलण्याची भीती वाटली नाही. त्या माणसाच्या गप्प बसण्याची वाटली.

"डॉक्टर," मी म्हटलं, "हिच्याशी पण बोला की."

"अव्वा, जरा बाहेर बसता?"

"नाही बसत."

त्यानं महानंदाचा दंड पुसला. पुसताना हात हलका होता. "वहिनी, ही गाठ वेगळी आहे," तो तिच्याकडं बघून म्हणाला, माझ्याकडं नाही. "खोल आहे, स्नायूच्या आत. काय आहे ते यावरून कळत नाही. त्या मोठ्या नळीत घालून फोटो काढायचा, एमआरआय. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही. चोळायची नाही, शेकायची नाही, तेल नाही. आणि सुरी तर नाहीच."

"वाईट आहे का?" महानंदानं विचारलं.

"बघितल्याशिवाय बोलणार नाही."

बाहेर आल्यावर महानंदा जिना उतरताना मध्येच थांबली. "अव्वा, त्या अथणीच्या बाई आठवतात?"

मला आठवत होत्या. आमच्या पंगतीत काही दिवस यायच्या. त्यांची एक बाही रिकामी असायची, खांद्यापाशी पिन लावून दुमडलेली. महानंदाच त्यांची भाकरी दुधात कुस्करून द्यायची.

"गप," मी म्हटलं. "पाय बघून उतर."

एमआरआयचा नंबर लगेच लागला नाही. ते मधले दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सिद्राम भाजी आणायला गेला की परत यायचाच नाही. महानंदाला मी परातीपाशी जाऊ दिलं नाही, पीठ मी मळायला बसले. ती कोपऱ्यात बसून माझ्या हातांकडं बघायची. आणि एकदा दुपारी मी जेवायला बसले, ती समोर होती. थोड्या वेळानं म्हणाली, "अव्वा."

"काय?"

ती माझ्या ताटाकडं बघत होती. मी खाली बघितलं. माझ्या ताटात भाकरीचे तुकडे होते, तुकड्यांचेही तुकडे. एकही तोंडात गेला नव्हता.

मी त्यात दूध ओतलं आणि सगळं पिऊन टाकलं. ताट धुऊन ते पाणीही प्यायले. तिच्यासमोर टाकणार नव्हते मी.

मशीनच्या दिवशी दारातच एक बाई उभी होती, हातात ट्रे. "अंगावरचं सगळं धातूचं काढा. आत चुंबक आहे."

महानंदानं बांगड्या काढल्या, जोडवी काढली, मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. डोळ्यांत पाणी नाही. मग ती बाई तिच्या छातीवरच्या चांदीच्या डबीकडं बोट करून म्हणाली, "हेही."

"ते निघणार नाही," मी म्हटलं.

"आजी, धातू आत चालत नाही."

"त्यात लिंग आहे आमचं. लहानपणी गळ्यात पडतं ते माणसाबरोबर मातीतच जातं. जिवंत माणसाच्या अंगावरून उतरवत नाहीत." माझा आवाज चढला होता आणि मला तो आवरत नव्हता. उतरवायचं म्हणजे माणूस गेलं असंच धरायचं, आणि ते मला त्या दारात उभं राहून दिसत होतं. "दुसरीकडं जाऊ आम्ही. पुण्याला जाऊ."

आवाज ऐकून तिजारे आतून आला. मला वाटलं आता शिकलेल्या माणसाचं भाषण ऐकायला लागणार. तो म्हणाला, "चांदी फक्त डबीलाच आहे ना? आत दगड?"

"दगड म्हणू नका."

"चुकलो. आतलं कशाचं आहे?"

"शिळेचंच आहे, वर काळं कवच असतं," महानंदा म्हणाली. मग माझ्याकडं वळली. त्या दारात तिचाच आवाज तेवढा शांत होता. "अव्वा, पूजेला रोज डाव्या तळहातावर घेतो की नाही? तसंच घेते. कापडानं बांधा. अंगावरून उतरणार कुठं?"

तिजारेनं एक छोटं चुंबक आणलं, लिंगाजवळ धरलं, चारी बाजूंनी. ओढ नव्हती. "चालेल," तो म्हणाला. "डावा हात सरळ ठेवा, वहिनी. उजव्या दंडापासून लांब. मूठ सोडायची नाही."

मी माझ्या पदराचा काठ फाडला आणि तिच्या तळहातावर लिंग बांधलं. बांधताना गाठ दोनदा सुटली. मग ती आत गेली आणि दार लागलं.

आतून आवाज सुरू झाला. पत्र्यावर कुणी हातोडे मारतंय तसा. थांबायचा, आणि वाटायचं संपलं, तोवर वेगळ्याच सुरात परत. बाहेर बाकावर मी आणि सिद्राम. माझ्या मुठीत ती रिकामी चांदीची डबी होती. सिद्राम मला म्हणाला, "अव्वा, आत ती घाबरली असंल गं." मी म्हटलं, "ती नाही घाबरत. तू गप बस." आणि डबी इतकी आवळली की तिचा कंगोरा तळहातात उमटला.

तिजारेनं त्याच दिवशी आम्हाला बसवून फोटो दाखवला. मीच म्हटलं, मला दाखवा, रिपोर्ट मला वाचता येणार नाही पण फोटो दिसतो. काचेवर दंड आडवा कापल्यासारखा दिसत होता. मधे हाडाचं गोल, भोवती राखाडी मांस, आणि त्यात एक पांढरट ढग.

"ही गाठ. ही रक्ताची मोठी नळी. ही हात हलवणारी नस." त्याचं बोट काचेवर हळू सरकलं. "गाठ आणि नस यांच्यामध्ये अजून मांस आहे. थोडं आहे, पण आहे. इथं बघा."

मी बघितलं. ढग आणि नस यांच्यामध्ये राखाडी रेघ होती, शेवईएवढी. त्या रेघेवर माझ्या सुनेचा हात उभा होता.

"काय आहे ही?"

"तुकडा घेतल्याशिवाय नाव सांगता येणार नाही. सुई घालावी लागेल. पण सुई कुठून घालायची ते हा फोटो बघून, आणि पुढं जे ऑपरेशन करणार आहेत त्यांना विचारून. पुण्यात एक जण आहेत, फक्त असल्याच गाठी करतात. कारण सुई गेलेली वाटसुद्धा नंतर काढून टाकावी लागते. चुकीच्या वाटेनं गेलो तर ती रेघ आपणच खराब करू."

"आणि सुरीनं सरळ काढली असती तर?"

तो खाली बघून कागद सारखे करायला लागला. महानंदाचा हात माझ्या गुडघ्यावर होता. ती म्हणाली, "पुढचं सांगा."

सुई झाली. रिपोर्ट आला. सिद्रामनं नाव सांगितलं, सार्कोमा. मांसातला कॅन्सर, क्वचितच कुणाला होणारा. मी ते नाव एकदा उच्चारलं आणि परत कधी घरात घेऊ दिलं नाही.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मोठे डॉक्टर खानावळीत आले. जेवायला नव्हते आले. सगळे उठून गेल्यावर रिकाम्या पंगतीत माझ्यासमोर खाली बसले. केस पांढरे झालेला माणूस, माझ्यासमोर मांडी घालून.

"अव्वा, तिजारेला तुम्ही पायरी बंद केलीय म्हणे."

"केली. का, तक्रार घेऊन आला तुमच्याकडं?"

"तो कसली तक्रार करतोय. मला नर्सांकडून कळलं." त्यांनी चष्मा काढून त्यांच्या त्या सैल पँटीला पुसला. "त्या दुपारी मी घरी जेवून पडलो होतो. दारावर थापा. उघडलं तर हा. हात कोपरापर्यंत तेलकट, तुमच्या वांग्याचा वास. मी म्हटलं अरे, हात तरी धू. तर म्हणाला, सर, आधी उद्याची अव्वांच्या सुनेची गाठ रद्द करा, मग धुतो."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

"मी चिडलो. कालचा पोरगा, मला शिकवतो. म्हटलं, बोटाला चरबी कळते मला. तर म्हणाला, तीन महिन्यांत दोनदा बाही उसवलीय सर, आणि मूठ वळल्यावर हलत नाही. दाराच्या चौकटीला त्याचा हात लागला होता, डाग अजून आहे. आमच्या हिनं पुसला तरी जात नाही."

"तुम्ही काढली असती तर?"

कुंभोजकरांनी चष्मा घातला. "मी चरबी समजून फोडून काढली असती, अव्वा. आणि ती सगळ्या दंडात पसरली असती. मग पुण्याच्या डॉक्टरांनाही वाचवायला काही उरलं नसतं. खांद्यापासून..."

"पुरे," मी म्हटलं.

ते उठले. जाताना म्हणाले, "तुमच्या ताटाचं मला माहीत आहे. म्हणून मुद्दाम सांगायला आलो."

पुण्याचं ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलली तरी चालू होतं. दारावरचा लाल दिवा विझला तेव्हा मी उभी राहिले. डॉक्टर बाहेर आले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही, हाताकडं बघितलं. त्यांनी हात वर केला आणि स्वतःच्या दंडावर बोटानं दाखवलं, एवढं काढलं. मग बोटं हलवून दाखवली. हात राहिला होता. त्या शेवईएवढ्या रेघेतून ते गेले होते, नसेला धक्का न लावता. नंतर लाइटचे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचे होते, ते झाले. कातडी काळी पडली, दंड एका बाजूनं खोलगट झाला. पण बोटं हलत होती. ऑपरेशननंतर तिसऱ्याच दिवशी तिनं त्याच हातानं माझा पदर धरला होता.

ती घरी आली त्यानंतर कितीतरी दिवस तिनं परातीकडं बघितलं नाही. मग एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर ती पिठाच्या गोळ्यावर उजवा हात ठेवून बसलेली. थापत नव्हती, नुसता ठेवला होता. मी परत बाहेर आले. थोड्या वेळानं आवाज आला, थप, आणि बराच वेळ काही नाही, आणि परत थप.

त्या दुपारी मी सिद्रामला तिजारेकडं पाठवलं. "सांग, अव्वानं जेवायला बोलावलंय. येत नाही म्हणाला तर दंडाला धरून आण."

तो आला. पायरीपाशी येऊन थांबला, चपला काढायच्या की नाही असा. पंगत भरली होती. सगळ्यांना ठाऊक होतं त्याला पायरी बंद आहे ते, त्यामुळं सगळे घास हातात धरून बघत होते.

"या," मी म्हटलं. "जागा आहे तुमची."

तो त्याच जागी बसला, भिंतीकडं तोंड करून. मी स्वतः वाढलं. वांगं, चटणी, कांदा, दही. महानंदा चुलीपासून उठली आणि भाकरी घेऊन आली. लहान होती, एका कडेला जाड, एका कडेला पातळ, मध्ये चिरलेली. मी कधी गिऱ्हाइकाच्या ताटात तसली भाकरी पडू दिली नसती. उजव्या हातानं तिनं ती त्याच्या ताटात ठेवली. भाकरी बरोबर जागेवर पडली. बाही दोन्ही बाजूंनी सारखी शिवलेली होती.

तिजारेनं भाकरीकडं बघितलं. मग तुकडा मोडला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं डाव्या हातानं कानाला लावला, ऐकलं, आणि चेहरा उतरला. "किती मोठी?" त्यानं विचारलं. "कुणी हात लावला का? नको. थांबवा. मी आलोच." फोन ठेवला आणि तसाच बसून राहिला, हातात भाकरीचा तुकडा. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. पोरगं शाळेत बाकावर उभं राहायच्या आधी मास्तरकडं बघतं तसं.

महानंदा माझ्याशेजारी उभी होती. तिचा डावा हात उजव्या दंडावर गेला.

मी गल्ल्यावरून उठले, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "तुला वळण नाही ते नाहीच, तिजारे, आणि आता लागायचंही नाही. ऊठ. माझ्या पंगतीतनं ताट टाकून उठायची मोकळीक तुला एकट्याला आहे, दुसरा कुणी उठला तर तंगडं मोडीन. जा, ज्याचं असंल त्याचं बघून ये. हिनं केलेली भाकरी मी झाकून ठेवते. पण या वेळी हात धुऊन जा."